चिंगीचं ‘नाय दुखत’

चिंगी पावसाळ्यात माझ्या दारात शेवळं, कंटोळी अशा रानभाज्या घेऊन येते, त्याला सोळा वर्षं झाली. राहते कर्नाळ्याच्या डोंगराखालच्या वाडीवर. वय तिला विचारू नका, तिलाही ठाऊक नाही, पन्नाशी असावी. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा बुधा वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात.

भट्टीवर एकट्यादुकट्याला घेत नाहीत, जोडी घेतात. नवरा चिखल मळून विटा पाडतो, बायको त्या डोक्यावरून वाहून नेते. बायको अडली की नवराही घरी बसला. गेल्या हंगामात चिंगी अडली नाही, पण कशी निभावली ते बुधानं मला सांगितलं.

“बाई, हिला कूस नाय बदलता येत. मीच फिरवतो, ओंडका फिरवावा तशी.”

चिंगी शेजारीच बसली होती. जणू दुसऱ्या कुणाबद्दल चाललं होतं. चहा संपवून ती उठली, म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एकापुढे एक हात टेकत वर चढली. त्या जागी रंगावर तळव्यांचा काळपट डाग पडला आहे.

हेच कंबरेचं दुखणं मी दोन वर्षांपूर्वी भोगलं होतं, म्हणून उपाय ठाऊक होता. मणक्याच्या सांध्यातलं दुखणं मेंदूकडे नेणारी बारीक नस सुईच्या टोकानं तापवून भाजतात. कापाकापी नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी. मात्र त्याआधी चाचणी असते. त्याच नसेपाशी बधिर करणारं औषध सोडायचं. काही तास दुखणं निम्म्याहून कमी झालं, तर नस बरोबर सापडली म्हणायचं. एका धर्मादाय दवाखान्यात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी डॉक्टर रुचिरा येतात. ऑगस्टमध्ये चिंगीला रिक्षात घालून नेलं.

“किती दुखतं, मावशी?”

“नाय दुखत.”

“दहापैकी किती?”

“नाय.”

“अगं खोटारडे!” मी ओरडले. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “दुखत नसेल तर सुई कशाला टोचू? आधी किती आणि नंतर किती, यावरच तर सगळं ठरतं.”

रिक्षात मी तिला सोडलं नाही. “तोंडात बोळा कोंबला होता का गं?”

उड्डाणपूल आला. तेव्हा ती म्हणाली, “भट्टीचा मुकादम पन असंच इचारतो. कुटं दुकतं का म्हनून. आमच्या वाडीची दमयंती ‘हां’ बोलली. तिची जोडी तितनंच परत.”

 

महिनाभर तालीम घेतली. कंटोळी निवडता निवडता म्हणायचे, “बोल, दुखतंय.”

“दुखतंय, बाई.”

“मोठ्यानं.”

“दुखतंय! अजून किती मोट्यानं? शेजारीन येल.”

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी डॉक्टरांनी विचारलं आणि चिंगीबाई म्हणाल्या, “नाय दुखत.”

मी खुर्चीवरून उठलेच. “हिला विचारूच नका. जमिनीवर बसवा आणि उठायला सांगा.”

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिला भिंतीशी बसवलं आणि घड्याळ हातात धरलं. हात टेकत, थांबत, पुन्हा टेकत ती उठली. बावीस सेकंद. मागे वाकायला सांगितलं तर वाकताना ओठ पांढरे पडले.

“दुखलं?”

“नाय.”

डॉक्टरांनी तिचं ‘नाय’ लिहिलं, त्याच्याखाली सेकंद लिहिले, आणि तिला एक्स-रे यंत्राखाली पालथं झोपवून औषध सोडलं. अर्ध्या तासानं पुन्हा तेच, भिंतीपाशी बसणं, उठणं. तिचा हात सवयीनं भिंतीकडे निघाला, अर्ध्यात थांबला, खाली आला. चार सेकंद.

“आता?”

“नाय दुखत.”

आवाज तोच. चेहराही तोच.

ऑक्टोबरमध्ये नस भाजली. डॉक्टरांनी बजावलं, “ही नस पुन्हा वाढते, मावशी. वर्षभरानं दुखणं परत येऊ शकतं. आणि ओझं कमी करा.”

ओझ्याचं चिंगीनं ऐकलंच नाही. म्हणाली, “म्हंजे भट्टीचा एक हंगाम निगंल.”

कुणी हसेल, कुणी रडेल. तिनं नुसता पदर खोचला आणि चप्पल शोधली. चार दिवस भाजल्या जागी ठणकलं असणार. विचारण्यात अर्थ नव्हता. पंधरा दिवसांनी बुधा आला.

“आता आपली आपन कूस बदलते. मीच जागा होतो, सवयीनं.”

मी ही कंबर दुरुस्त करून घेतली ती पुन्हा विटांखाली घालायला, हे मला कळतं. कुणी समजवायला येऊ नये. दुसरं काम मी तिला दिलं नाही, आणि तुम्हीही दिलेलं नाही.

दिवाळीनंतर मुकादम वाडीवर आला. त्यानं विचारलं, तिनं ‘नाय दुखत’ सांगितलं, आणि त्यानं जोडी घेतली. निघायच्या आदल्या दिवशी ती चहाला आली आणि त्याच भिंतीशी बसली.

“दुखतं का गं?”

“नाय, बाई.”

मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, भिंतीकडे पाहत राहिले. तिनं कप खाली ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि उठली.

“येतू,” म्हणाली आणि गेली. कप मी विसळला. भिंत पुसायची राहिली आहे.