किसनचा पहिला आकडा

किसन गेल्याचं कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेत कुणाच्या तरी दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होतो. फोन सुमनवहिनींचा होता. "भाऊजी, हे गेले... मेंढरं सोडायला उठले अन् तिथंच पडले." मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले; रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला असणार. याला सहा आठवडे झाले. डॉक्टरांनी 'असणार' म्हटलं, पण मला ते ठाऊक होतं. किसनच्या घरच्यांच्या आधी, खुद्द किसनच्याही आधी.

तो पिंपळगाव रेणुकाईचा, मी हसनाबादचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं तो बापामागं मेंढरांत गेला आणि मी शहरात तंत्रज्ञ झालो, तरी त्याच्या लेखी मी 'डागदर'च. अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडं एक अभ्यास चालू होता. आपल्या शरीरात आपोआप तयार होणारी पेप्टाइडं असतात, प्रथिनांचे अगदी लहान तुकडे. त्यांतली काही रक्तवाहिन्या आवळतात, काही सैल सोडतात. निरोगी माणसाच्या हातात सुईवाटे त्यांचा अंशभर सोडायचा आणि रक्ताचा ओघ किती बदलतो ते मोजायचं. निरोगी माणसात काय होतं ते कळल्याशिवाय आजाऱ्यात काय बिघडलं ते कळत नाही. शेवटचा एक माणूस ऐनवेळी गळाला आणि मी किसनला फोन केला. उन्हातान्हात कोसच्या कोस चालणारा, तंबाखूला न शिवणारा गडी... याच्याहून निरोगी कोण?

तो घोंगडी खांद्यावर टाकूनच आला. मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा हसला. "म्हंजी आवळणारं बी आपल्याच आंगात अन् सोडणारं बी? आमच्या वाघुरीसारखंच की. सांजच्याला मेंढरांभवती जाळी लावायची, सकाळी काढायची."

मी पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस आला. नियमानं तीनदा मोजायचं आणि तिन्ही आकडे लिहायचे. तिन्ही जास्तच आले. नवखी जागा आहे, घाबरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं, त्याला पाणी दिलं, आडवं केलं. पाचव्यांदा आकडा मर्यादेत बसला आणि मी तेवढा एकच लिहिला.

"कसं हाये रे डागदर?"

"ठणठणीत!"

प्रयोगानं त्याला काही अपाय झाला नाही. सोडलेल्या द्रव्याचा परिणाम थोड्याच वेळात ओसरला. माझ्या शब्दाचा मात्र ओसरला नाही. अभ्यास संपल्यावर सगळ्यांना आभाराचं पत्र मिळालं, त्यात 'निरोगी स्वयंसेवक' असं छापलं होतं. किसननं ते काचेत मढवून घड्याळाखाली लावलं. गावात तपासणीला नर्सबाई आल्या की हा हात पुढं करायचा नाही. "आमचं शहरात सुई घालून तपासलंय, बाई. तुमच्या फुग्यानं काय कळायचं?" वहिनी हे मला हसत सांगायच्या, मीही हसायचो. एकदा तरी म्हणायचं होतं, किसन, हात दे. पण मग त्या कागदावरचा आकडा कुणी लिहिला, हे निघालं असतं.

शेवटचं भेटलो ते त्याच्या ओसरीवर. डोक्याला रुमाल करकचून बांधला होता. मी म्हटलं, "काहून रे?" म्हणाला, "मागून ठणकून राह्यलं. उन्हात गेल्तो, जाईल आपोआप." रक्तदाबाचं यंत्र माझ्या गाडीत होतं. वीस पावलांवर. मी चहा प्यायलो, मेंढरांच्या गोष्टी ऐकल्या आणि निघून आलो. ती वीस पावलं मी आता रोज चालतो... कुठंच पोचत नाही.

परवा पिंपळगावला गेलो होतो. वहिनींनी आपण होऊन हात पुढं केला. "भाऊजी, माझं बी बघा. बराबर सांगा पण." एकशे बावन्न. माझं बोट सवयीनं पुन्हा बटणाकडं गेलं. तिथंच थांबलं. मी तोच आकडा सांगितला, तालुक्याला दाखवायला घेऊन जातो म्हणालो, आणि मग बाकीचं सगळं सांगितलं. पाच वेळा मोजलेलं. गाडीतलं यंत्र.

वहिनींनी दंडावरचा पट्टा स्वतःच सोडला, माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाल्या, "ते म्हनायचे, जग लबाड बोलंल, आपला डागदर न्हाई बोलायचा."

मी उठलो, घड्याळाखालच्या त्या चौकटीला हात घातला. निदान ते खोटं तरी खाली उतरवावं...

"राहू द्या तिथंच," वहिनी म्हणाल्या. "तुमी आले की तुमाला दिसंल."