मावशीला काहीच होत नसे

माझ्या पिंगळीच्या मावशीइतकं सराईतपणे खोटं बोलणारं माणूस आख्ख्या परभणी जिल्ह्यात झालं नसेल. खोटं मात्र एकच: "मला काय झालंय? काय न्हाई." काट्यानं पाय सुजला तरी काय न्हाई. अंगात ताप घेऊन ती मेंढरांमागं रानात जायची आणि वाटेत भेटेल त्याच्या दुखण्याची चौकशी करून वर औषधही सांगायची. तिला तपासायला घरी आलेल्या डॉक्टरला खोकला होता, तर त्यालाच तिनं अडुळशाचा काढा पाजून परत पाठवलं होतं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या वर्षी ती रानात कोसळली, तेव्हा कुठं तिची छाती दुखते हे आम्हाला समजलं. हैदराबादला हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी फुग्यानं मोकळी करून घेतली. सहा महिन्यांनी पुढच्या तपासणीसाठी मीच तिला घेऊन गेलो. गाडीत शेजारच्या बाईच्या गुडघ्यांची विचारपूस नांदेडपर्यंत पुरली.

तिथल्या डॉक्टरांनी आधी तिला निजवून हृदयाची सोनोग्राफी केली. मग सरकत्या पट्ट्यावर भरभर चालवलं आणि लगेच डाव्या कुशीवर निजवून पुन्हा छातीवर यंत्र टेकवलं.

"अम्मा, छाती में दर्द होता क्या?"

मावशी निजामाच्या राज्यात वाढलेली, ही बोली तिला येत होती. धापा टाकतच म्हणाली, "नै जी, कुछ नै. आप खाना खाये क्या?"

डॉक्टर हसले, पण त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. त्यांनी मला जवळ बोलावलं. मघाशी नीट आकसणारा हृदयाचा एक भाग चालल्यानंतर मंदावला होता. तिथं रक्त पुरेसं पोचत नव्हतं. मग त्यांनी पडदा मावशीकडे वळवला. ती करडी धडधड ती बराच वेळ बघत राहिली.

"हे माझंच हाय का?"

"जी, अम्मा."

ती माझ्याकडं वळून हळूच बोलली, "दोन महिने झाले. चढावर दुखायलंय. सांगितलं असतं तर तुमी माझी मेंढरं इकली असती."

मला राग आला.

तीच रक्तवाहिनी पुन्हा अरुंद झाली होती, ती परत मोकळी करावी लागली. मेंढरं आम्ही विकली नाहीत, तिच्या धाकट्या दिरानं सांभाळायला घेतली. मावशी पुढं बरीच वर्षं जगली. पण मला आठवतो तो परतीचा दिवस. पिंगळीला उतरलो, चार पावलं चाललो आणि ती थांबली. हातातली पिशवी माझ्यापुढं करून म्हणाली, "धर रे जरा. दम लागलाय."

तोवर तिनं मला तिचं काही उचलू दिलं नव्हतं. पिशवीत एक लुगडं आणि औषधांच्या गोळ्या, एवढंच. ती घेऊन मी तिच्या चालीनं, अगदी सावकाश, घरापर्यंत चाललो.