मेंढरांच्या पुढे चालणारे क्रियापद

संगणकाच्या पडद्यावरच्या एकाही वाक्यात खरी मेंढी नव्हती. पोलिसांनी आंदोलकांना गाड्यांत कोंबले होते, प्रवाशांना एका दालनातून दुसऱ्या दालनात रेटण्यात आले होते, एका लेखाने तर मतदारांनाच मेंढरे ठरवले होते. इंग्रजी क्रियापद सगळीकडे एकच: ‘हर्ड’.

मी बारामतीत घरी बसून शाळकरी मुलांच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे काम करते. इंग्रजी वृत्तपत्रांतील बातम्या आणि लेख यांतून आम्ही वाक्यांचा साठा केला आहे. त्याला कॉर्पस म्हणतात. शब्द तिथे जसा वापरलेला दिसेल तसा अर्थ लिहायचा आणि त्यातलेच वाक्य उदाहरण म्हणून द्यायचे. मनाने रचलेले वाक्य चालत नाही. म्हणून मी अर्थ लिहिला: ‘मागून रेटत, जबरदस्तीने एका जागी नेणे.’

छपाईपूर्वी आम्ही नोंदी एखाद्या शाळेत वाचून घेतो. ही पाने इंदापूर तालुक्यात शेळगावला, सविता मॅडमच्या वर्गात गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आजोबांनी मेंढरे राखली होती. आपले आजोबा जन्मभर जनावरांवर जबरदस्ती करत होते, असे मुलांनी या पुस्तकातून शिकायचे का, एवढेच मॅडमनी विचारले. मग म्हणाल्या, “एकदा येऊन आमच्या आबांशी बोला.”

आबा म्हणजे त्यांचे सासरे. कळप विकून आता डाळिंब करतात. घोंगडी मात्र तीच. तिला अजून धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास येतो. तिच्यावर बसवून त्यांनी माझा अर्थ शांतपणे ऐकून घेतला.

“म्हंजी मागनं रेटायचं व्हय?”

“तसंच लिहिलंय, आबा.”

“तुमी कदी मेंढरं बघितली न्हाईत, बाई. मागनं रेटलं की बुजत्यात. एकानं म्होरं चालायचं, हाळी द्यायची. त्येच्या आवाजामागं कळप येतो. मागल्याचं काम येकच, लंगडं कोकरू उचलायचं.”

मग त्यांनी ती हाळी देऊन दाखवली. जिभेच्या टोकाशी सुरू झालेला तो आवाज घशात खोल उतरला. बांधापलीकडे चरणाऱ्या कुणाच्या तरी शेळीने मान वर केली.

परतल्यावर मी पुण्याला मुख्य संपादकांना फोन केला. पाने शुक्रवारी छापायला जाणार होती. नोंदीत आबांनी सांगितलेला अर्थ पहिला घ्यावा, अशी मी विनंती केली. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“आबांचं म्हणणं पटलं. छापलेलं वाक्य आहे का?”

“नाही, सर.”

“मग शुक्रवारपर्यंत शोधा.”

शोधले, सापडले नाही. मी तसे सविता मॅडमना कळवले. त्यांना माझ्यापेक्षा, ज्यातले वाक्य मी उदाहरण म्हणून दिले होते त्या मतदारांवरच्या लेखाचा राग अधिक होता. त्यांनी तो लेख छापणाऱ्या इंग्रजी दैनिकाला पत्र लिहिले आणि पाठवल्यानंतरच मला सांगितले. हे बरे झाले. आधी दाखवले असते, तर माझा हात एखाद्या स्वल्पविरामाकडे गेलाच असता आणि वाक्य माझे ठरून बाद झाले असते.

बुधवार कोरा गेला. गुरुवारही. शुक्रवारी सकाळी वाचकांच्या पत्रव्यवहारात ते पत्र होते, निम्मे कापलेले. पण नेमके वाक्य शाबूत होते: आमचे आबा मेंढरे ‘हर्ड’ करत, तेही त्यांच्यापुढे चालून.

मी कात्रणाचा फोटो पाठवला. काही वेळाने संपादकांचा फोन आला.

“हे योगायोगानं छापून आलं?”

“नाही, सर. लिहून पाठवल्यामुळे छापून आलं.”

ते हसले. नोंद बदलली. ‘कळप सोबत घेऊन चालवणे’ हा अर्थ पहिला, सविता मॅडमचे वाक्य त्याखाली. माणसांना कोंबणे दुसऱ्या क्रमांकावर गेले. ते खोटे नव्हते, म्हणून राहिले.

छापलेले पान घेऊन मी शेळगावला गेले. आबांनी सुनेकडून ते दोनदा वाचून घेतले.

“येकच वाक्य हाय व्हय?”

“एकच, आबा.”

“असू दे. म्होरं येकच लागतंय.”

माझ्या धंद्याबद्दल तेव्हापासून माझा गैरसमज उरलेला नाही. शब्दकोश भाषेच्या पुढे चालत नाही. लिहिणारे पुढे जातात. आम्ही मागून लंगडी कोकरे उचलत येतो.