दिवा लागायच्या आत

अमळनेरच्या स्टँडवर सकाळची पहिली पुणे गाडी लागली तेव्हा नानांनी माझी ट्रंक टपावर चढवली, दोर ओढून पाहिला, खाली उतरले, आणि पुन्हा वर चढून तोच दोर ओढून पाहिला. नाना म्हणजे माझे वडील. तेलाच्या कारखान्यात कामाला होते, आणि काळजी करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. मी त्यांचीच मुलगी, म्हणून मीही खिडकीतून ओरडून विचारलं, दोर नीट आहे ना? आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून मांडीवर ठेवला. गाडी हलली तसे नाना खिडकीबरोबर दोन पावलं चालले आणि सवयीने म्हणाले, "दिवा लागाना पहिले घर ये, इंदू."

आई त्यांच्यावर वैतागली. पुण्याला शिकायला निघालेली पोरगी संध्याकाळच्या आत घरी कशी येणार? पण नानांच्या तोंडात ते वाक्य बसलेलं होतं. लहानपणापासून मी कुठेही निघाले, मैत्रिणीकडे, विहिरीवर, शाळेत, की हेच. आणि त्याला कारणही होतं. मला अंधार पडला की दिसत नसे. एकदा संध्याकाळी अंगणातल्या खाटेला अडकून पडले, दात तुटला, तेव्हा नाना मला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा आजार आहे, आज रात्रीचं दिसत नाही, पुढे दिवसाचंही कमी होत जाईल. घरात आणखी कोणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. नाना पटकन म्हणाले, "नाही साहेब, कोणाला नाही." परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर तोंड करून बसले. मला वाटलं, माझं दुःख त्यांना लागलं. ते खरंच होतं, फक्त पुरतं नव्हतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची. तेव्हा गावात राहिलेल्यांना आठवत असेल, आमच्या गल्लीत नानांना घरकोंबडा म्हणायचे. लग्नाला गेले तर वरात निघायच्या आधी परत. भजनाला नाही, रात्रीच्या सिनेमाला नाही. कारखान्यात त्यांना मुकादम करत होते, पण मुकादमाला रात्रपाळी असते म्हणून त्यांनी नाही म्हटलं आणि आयुष्यभर पहिल्या पाळीत घाम गाळला. आमच्या काकांनी तेव्हा त्यांना मूर्ख म्हटलं होतं. मीही मनातून तेच म्हणत होते. बढती मिळाली असती तर आपल्याकडेही फॅन आला असता, एवढीच तेव्हा माझी अक्कल.

पुण्यात अंध मुलींच्या हॉस्टेलमध्ये मी ब्रेल शिकले, मग टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला, आणि एका सरकारी ऑफिसात बोर्डावर बसले. दिवसभर कानाला हेडफोन. एक्स्टेंशन, होल्ड करा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. गावाकडची माझी बोली सहा महिन्यांत अशी गुळगुळीत झाली की सुट्टीत घरी गेले तर आई म्हणायची, ही कोण रेडिओवरची बाई आली? बाहेरून असं सगळं झकास होतं. आत मात्र रोजचा एक धंदा होता. सकाळी डोळे उघडले की समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दिसतात का बघायचं. दिसले की हुश्श. मग बाजूचं कपाट दिसतं का? ते एक दिवस दिसेनासं झालं. मग दार गेलं. कडेकडेने काळं होत होत मधली नळीएवढी जागा उरली, आणि मी त्या नळीतून जगाला घट्ट धरून बसले. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

अशात हॉस्टेलमध्ये गोलबॉल आला. तीन मुली या बाजूला, तीन त्या बाजूला. आत घुंगरू असलेला जड चेंडू जमिनीवरून फेकायचा, समोरच्यांनी आवाजावरून आडवं पडून तो अंगावर अडवायचा. रेषेवरच्या चिकटपट्टीखाली दोरी असते, ती बोटांनी चाचपून आपण कुठे उभ्या आहोत ते कळतं. आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी, थोडं दिसणाऱ्यांच्याही, म्हणजे कोणाला फायदा नको. खेळ शिकवणाऱ्या आमच्या मॅडमनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मला दरदरून घाम फुटला. जे उद्या येणार म्हणून मी झोपत नव्हते, ते त्यांनी आजच आणून बांधलं होतं. मी पट्टी ओरबाडून काढली आणि न्हाणीघरात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. का गेले ते आजही नीट सांगता येत नाही. भीती घरात येणारच असेल तर निदान तिचं तोंड ओळखीचं असावं, असं काहीतरी वाटलं असेल.

दोन-तीन वर्षांत हात बसला. आणि मग बाहेरच्या देशांतले संघ पुण्यात खेळायला येणार, आपल्या संघात मी, असं ठरलं. आनंद व्हायला हवा होता. पण त्याच महिन्यात मी खोदलेल्या रस्त्यात पडले, भरदिवसा, आणि नेमका आमच्या गल्लीतला एक जण तिथून चालला होता. त्याने मला उचललं, रिक्षात बसवलं आणि गावाला जाऊन सगळं इमानेइतबारे सांगितलं. चौथ्या दिवशी ऑफिसच्या बोर्डावर ट्रंककॉल आला. मी ठरल्या आवाजात नमस्कार म्हटलं, आणि पलीकडे नाना. तुझा खेळ बघायला येतो, म्हणाले. आणि येताना तुला घेऊन येतो. नोकरी-बिकरी पुरे झाली. मला काही बोलायचं होतं, पण दुसऱ्या लाइनी खणखणत होत्या. मी म्हटलं, होल्ड करा. वडिलांना!

त्यानंतर माझी झोपच उडाली. नानांच्या शब्दापुढे मी कधी गेले नव्हते. अमळनेरला परत जायचं म्हणजे ओट्यावर बसून तांदूळ निवडायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने चुकचुकायचं. मी मनातल्या मनात नानांशी इतकं भांडले की प्रत्यक्षात ते आले तेव्हा माझा घसाच बसल्यासारखा झाला होता.

मॅच दुपारी होती. नाना हॉलच्या दाराजवळच्या बाकावर बसले. खेळ संपला की उजेडात ते त्यांच्या मावसभावाकडे जाणार होते. पण आधीचे सामने लांबत गेले आणि आमचा नंबर येईपर्यंत संध्याकाळ होत आली. पट्टी बांधण्याआधी मी नळीतून त्यांच्याकडे पाहिलं. ते खेळाकडे नाही, वरच्या खिडक्यांकडे बघत होते.

या खेळात प्रेक्षकांनी गप्प बसायचं असतं, नाहीतर घुंगरू ऐकू येत नाहीत. शेकडो माणसं बसलेली आणि श्वासाचाही आवाज नाही. त्या शांततेत समोरून चेंडू सुटला आणि बाकावरून नाना ओरडले, "इंदू, डाव्या हातले!" पंचांनी शिट्टी मारून खेळ थांबवला, इंग्रजीतून ताकीद दिली. मॅडम धावत जाऊन नानांना समजावून आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हसूही आलं. चेंडू खरंच डावीकडे होता, आणि मी आधीच डावीकडे पडले होते. पुढे त्यांचा हूं की चूं नाही. मी अडवत राहिले. बरगड्या ठणकत होत्या. एका गोलने हरलो. पट्टी काढली, दिव्यांची रांग दिसते का बघितली. एक दिवा दिसला.

माणसं गेली, आमच्या मुलीही बसमध्ये बसून गेल्या. मी नानांना मावसभावाकडे पोचवणार होते. पण ते बाकावरून उठेनात. म्हणाले, बस जरा. मी ओळखलं, आता विषय निघणार. मी सगळे मुद्दे जुळवून बसले. पगार, पेन्शन, क्वार्टर. तेवढ्यात शिपायाने हॉलचे दिवे मालवले. नाना उठले, आणि त्यांचा गुडघा समोरच्या बाकावर जोरात आपटला. ते तसेच उभे राहिले. हात पुढे करून, हवेत काहीतरी शोधत. बाहीचा तो सरसर आवाज मला कळला, कारण तसा हात मीच आयुष्यभर फिरवला होता.

"इंदू," ते हळू म्हणाले, "माले रातले दिखत नही. पहिलेपासून."

मला त्या क्षणी डॉक्टर आठवले, वराती आठवल्या, मुकादमकी आठवली. राग आला, खोटं कशाला सांगू. एवढी वर्षं मी एकटीच भीत होते! पण त्यांचा हात अजून हवेत होता. मी तो धरून माझ्या कोपरावर ठेवला. म्हटलं, नाना, इथे धरा, अर्धं पाऊल मागे राहा, मी थांबले की थांबा. आणि माझी पांढरी काठी टेकत निघाले. पायऱ्या आल्या, सांगितल्या. रस्ता आला, थांबवलं. चालता चालता ते बोलत होते. कारखान्यात कळलं असतं तर ठेवलं नसतं. आईला लग्नानंतर कळलं, तिने कोणाला कळू दिलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा जीभ उचललीच नाही, कारण मुलीला हे आपल्यामुळे झालं, हे तिच्यासमोर ऐकायची छाती नव्हती. रिक्षा मिळेपर्यंत त्यांनी माझं कोपर इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होते.

सकाळी त्यांना अमळनेर गाडीत बसवलं. त्यांनी मला न्यायचं म्हटलं नाही, मी विचारलं नाही. अजूनही म्हणतील, चल, अशी धास्ती मात्र होती. गाडी सुरू झाली, आणि ते खिडकीतून सवयीने म्हणाले, दिवा लागाना पहिले... आणि थांबले.

"जाय आते," म्हणाले. "तुले ड्युटी शे."

पुढे ती नळीही गेली. कॅलेंडर बघायचं काम संपलं, आणि ऐकून कोणाला चमत्कारिक वाटेल, पण मी शांत झोपू लागले. निवृत्तीनंतर नानांचंही दिवसाचं दिसणं गेलं. माझ्यासारखे गाव सोडलेले लोक भेटले की म्हणतात, आता घर राहिलं नाही, सगळं बदललं. मलाही पुण्यात तसंच वाटतं, रात्री विशेष. पण परवा दिवाळीला घरी गेले. दुपारच्या चहाला नाना आणि मी ओट्यालगतच्या खोलीत बोलायला बसलो ते बसलोच. कारखाना, माझं ऑफिस, आपलं तेच ते. बऱ्याच वेळाने आई देवळातून आली आणि दारातच थबकली.

"अंधारमा काबर बठेल शेतस दोन्हीजन?"

आम्हाला काय माहीत, अंधार कधी झाला? नाना हसायला लागले. आई कुरकुरत आत आली, भिंत चाचपली, आणि तिने तिच्यापुरता दिवा लावला.