फोन करणाऱ्याचं कोणी नसतं असं नाही

रामदासपेठेत माझा छोटासा ब्युरो आहे. पेशंटजवळ बसायला आम्ही माणसं पुरवतो. या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, फोन उचलला की पुरे! आणि ज्यांचं कोणीच नाही, त्यांचे फोन फार कमी. ज्यांचं सगळं गणगोत गावात आहे, तेच जास्त फोन करतात.

वाडीच्या एका गोडाऊनमधल्या पोराचा फोन आला. दोन्ही हात प्लास्टरमध्ये. आंघोळ घालायला माणूस पाहिजे.

"रूमवर एकटा राहतोस का?"

"नाही मॅडम, तीन दोस्त आहेत."

"मग?"

"उद्या त्यांच्यासंगच जेवाचं आहे ना मॅडम!"

एक रिटायर्ड हेडमास्तर होते. बायको गेलेली. संध्याकाळी पत्ते खेळायला माणूस हवा म्हणाले. मी आमच्या गजाननला पाठवलं. सहा-सात महिन्यांत दोघांचं चांगलं जमलं. एका रविवारी गजानन सुट्टी असूनही गेला. म्हणाला, "सर, आज पैसे नका देऊ. मी असाच आलो."

सरांनी पत्ते गोळा केले, पेटीत घातले.

"तू उद्या ये गा. पैशाने येतो तोवर तुले 'जा' म्हणता येते मले."

ताराताई म्हणून एक बाई, त्यांची अँजिओग्राफी होती. सोबतीला बाई मागितली. सख्खा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याले काहून त्रास द्याचा वं? त्याचे त्याले कमी आहेत का?"

मी आमच्या वंदनाला पाठवलं. ती हॉस्पिटलात पोचली, तर समोरच्या बाकावर गजानन! आणि गजाननच्या बाजूला ताराताईंचा भाऊ. त्याचीही अँजिओग्राफी, त्याच दिवशी! माणूस त्यानेही माझ्याकडूनच मागितला होता, पण हा ताराताईंचा भाऊ हे मला कुठे माहीत! त्यालाही ताईला टेन्शन द्यायचं नव्हतं.

मग दोघं भांडले. "मले सांगितलं काहून नाही?" "तू तरी सांगितलं का?" भांडण संपलं, दोघं एकाच बाकावर बसले. तेवढ्यात ताराताईंचं नाव पुकारलं. बाई उठल्या. गळ्यातली पोत काढली, पर्समध्ये टाकली आणि पर्स वंदनाच्या हातात दिली. भाऊ मधेच बसलेला होता. त्याला ओलांडून दिली.

ही वंदना मूळची उमरेडची. माझ्याकडे सगळ्यात जुनी. तिचं गर्भाशय काढायचं ठरलं, तेव्हा आम्ही सगळ्या जणी म्हणालो, "आम्ही आहोत ना! पाळ्या लावू." ती "हो हो" म्हणाली. ऑपरेशननंतर मी भेटायला गेले, तर तिच्याजवळ अनोळखी बाई. दुसऱ्या ब्युरोची!

मला राग आला. खरं सांगते, डोळ्यांत पाणीच आलं. "आम्ही मेलो होतो का वं?"

तिने त्या बाईकडे बोट दाखवलं.

"ताई, तुम्ही बसल्या असत्या तर मले 'बरं वाटून राहिलं' म्हणावं लागलं असतं. हिच्यासमोर कण्हता येते."

आणि मग एक काका. त्यांची बायको दोन वर्षं अंथरुणाला होती, आमचीच बाई जायची. एका सकाळी काकांचा फोन आला. आवाज अगदी साधा. "मॅडम, चार जण पाठवता का? खांद्यासाठी."

मी गजाननसोबत तिघं पाठवले आणि स्वतःही गेले. आमच्या माणसांनी तिरडी उचलली, तेव्हा कुठे बिल्डिंगमध्ये कळलं. दारं उघडली, माणसं जिन्यात आली. खालच्या मजल्यावरचा प्रशांत अनवाणी धावत आला. रडतच होता.

"काका, आम्ही काय परके आहोत का? दोन वर्षं म्हणून राहिलो, काही लागलं तर आवाज द्या! एक फोन कराचा होता!"

काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तुमची मदत राहू दे बाबा. माझ्या वेळी लागेल. तेव्हा फोन कराले मी नसीन."