बबनमामांची भट्टी

मी एमएस्सी केमिस्ट्री. अंगात येणं, नजर लागणं असल्या गोष्टींवरून घरात वाद घालणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना पहिला संशय स्वतःवरच येतोय... तरी लिहिते.

नगरच्या एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. पेट्रोल-डिझेल शुद्ध करताना रिफायनरीत कॅटॅलिस्टच्या गोळ्या वापरतात. कॅटॅलिस्ट म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ — दोघांना बोहल्यावर चढवतो, स्वतः मात्र जसाच्या तसा, पोटभर जेवून घरी! पण लग्नं जमवून जमवून तोही थकतो. गोळ्यांवर काळा कार्बन चढतो. तो आम्ही भट्टीत जाळतो आणि माल परत पाठवतो. ताकद बरीचशी परत येते, पण नव्याएवढी कधीच नाही.

भट्टीवर बबनमामा. कोल्हारचे, साठीला टेकलेले, अबोल. गेल्या वर्षी त्यांच्या एका बॅचची मी टेस्ट लावली, तर ताकद थेट नव्या मालाएवढी! मशीन तपासलं, पुन्हा लावली... तेच. माझ्या मनात पाल चुकचुकली. भट्टी जास्त तापून माल बिघडला असणार, आणि ते झाकायला मामा टेस्टच्या नमुन्यात स्टोअरमधल्या नव्या गोळ्या घालत असणार.

पुढच्या बॅचला मामा रजेवर होते. तीच भट्टी, तेच तापमान, मी स्वतः उभी. ताकद नेहमीसारखी, कमी. झालं, संशय पक्का!

तिसऱ्या वेळी मी स्टोअरला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली, गोळ्या स्वतःच्या हाताने भरल्या. मामांना म्हटलं, "तुम्ही फक्त स्टुलावर बसा."

"बसतो की म्याडम."

दिवसभर हाताची घडी घालून बसले. संध्याकाळी टेस्ट — पुन्हा नव्याएवढी! आता आवर्तसारणीत बबनमामा नावाचं मूलद्रव्य नाही हो, मला पाठ आहे ती. म्हणजे यांनी काहीतरी लपवून आणलंच असणार. मी तडक गेटवर गेले आणि घरी निघालेल्या मामांची पिशवी सगळ्यांसमोर उपसली.

डबा, त्यात उरलेली अर्धी भाकरी आणि एक कानटोपी. एवढंच.

"काय घावलं का, म्याडम?" मामांनी शांतपणे विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. अजूनही वेळेवर येतात, त्याच स्टुलावर बसतात. पण त्या दिवसापासून एकही बॅच नव्याएवढी झालेली नाही. उलट प्रत्येक बॅच आधीच्यापेक्षा जास्त मेलेली निघतेय. हवा तपासली, तापमापक बदलला, बाहेरचे तज्ज्ञ बोलावले — ते चहा पिऊन गेले. मालक आता भट्टी बंद करायला निघालेत. ती बंद झाली की मामांची नोकरी जाणार, आणि ती मीच घालवली असं मला आतून वाटत राहतं. का वाटतं, याचं उत्तर माझ्या एकाही पुस्तकात नाही.

परवा न राहवून विचारलं, "मामा, खरं सांगा, आधी तुम्ही काय करत होतात?"

"आदीबी काय करत नव्हतो, म्याडम," भट्टीकडे बघत ते म्हणाले. "निस्तं बरं वाटायचं हितं."