शिवलालचे वण

योगेश्वरी १९९९ साली लग्न होऊन आमगावला आली, तेव्हा धनेंद्रच्या फोटो स्टुडिओमागची डार्करूम तिला स्वयंपाकघराआधी आवडली. लाल दिव्याखाली कोरा कागद डेव्हलपरमध्ये टाकला की हळूहळू माणूस उमटायचा. फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा वास हातातून जायचा नाही, तरी ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट तीच काढायची.

पुढे इंकजेट प्रिंटर आला आणि डार्करूममध्ये अल्बमची खोकी भरली गेली. प्रिंटरमधला काळा रंग तिला जांभळट दिसे, सडलेल्या जांभळासारखा. धनेंद्र म्हणे, "लोकायले फरक कळते का?"

२००७ च्या पावसाळ्यात दवनीवाड्याला तिचे वडील शिवलाल वारले. तेरवीसाठी धनेंद्रने जुना फोटो स्कॅन करून मोठा काढला. गाल गोरे केले, देवीचे वण पुसले, मागे धबधबा टाकला. घाईत काचही बसवली नाही. पूजेचं पाणी शिंपडलं तसा काळा रंग ओघळला. योगेश्वरीचा भाऊ दुधराम धोतराच्या सोग्याने पुसायला गेला, तर मिशी गालभर फासली गेली.

योगेश्वरीने रडतच तो फोटो उलटा घातला.

"रडून काऊन राहिली? दुसरा काढून देतो. दोन मिनिटाचं काम आहे," धनेंद्र म्हणाला.

त्या दोन मिनिटांचीच तिला जास्त शिसारी आली. आमगावला परतल्यावर तिने खोकी बाहेर फेकली, वडिलांच्या त्याच फोटोची जुनी निगेटिव्ह फोटो मोठा करायच्या एन्लार्जरमध्ये चढवली. उरलेला कागद मुदत संपलेला होता. पांढरं सगळं राखेसारखं उतरलं. दोन प्रिंट फाडल्यावर तिसरी जरा बरी आली. पण त्या राखेतून बाप बघत होता, वणांसकट, एक डोळा किंचित बारीक करून.

ती प्रिंट घेऊन माहेरी गेली, तर भिंतीवर धनेंद्रचा नवा फोटो काचेत लागलेला. तोच धबधबा, तेच गोरे गाल.

आई सुंदरबाईने दोन्ही फोटो पाहिले. "तुहा फोटो त्याच्याचसारखा आहे," ती म्हणाली. "पण जन्मभर लोक त्याले वणांपायी चेचक्या म्हणत. आता तरी चांगला दिसू दे."

"मंग हा कोण आहे, आई?" योगेश्वरीने भिंतीकडे बोट केलं.

सुंदरबाईने भिंतीवरच्या फोटोची काच पदराने पुसली. दुधराम म्हणाला, "नेऊन टाक तुहा फोटो. पाहुणे हासतीन."

योगेश्वरी जेवली नाही. त्या घरातलं पाणीसुद्धा तिला नकोसं झालं.

स्टुडिओत तिने शिवलाल काउंटरच्या मागे टांगला, नमुन्याच्या फोटोंतल्या गुळगुळीत नवरदेव-नवरींच्या मधोमध. गिऱ्हाईक बिचकतं म्हणून धनेंद्रने तो दोनदा उतरवला. दुसऱ्यांदा ती त्याला म्हणाली, "आता हात लावाल, तर तुमचा प्रिंटर मी विहिरीत टाकीन."

त्यानंतर फोटो तिथेच राहिला. धनेंद्रने कोणाचा चेहरा गोरा करायला घेतला, की ती उठून बाहेर रस्त्यावर जाऊन थुंकून यायची.